जुन्या फ्लॅश गेम्स विंडोज ११ वर कशा चालवायच्या? (कॅफेची जुनी हार्ड डिस्क सापडली आहे)

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, मदत हवी आहे. मारुती चौकात आमच्या ओळखीच्या काकांचं नेट कॅफे होतं. २०१९ च्या पुरात मशिनं पाण्यात गेली आणि कॅफेही तिथंच संपलं. पण बॅकअपची एक हार्ड डिस्क काकांच्या विश्रामबागच्या घरी माळ्यावर होती, ती वाचली. परवा त्यांनी ती माझ्या हातात दिली, "बघ, तुझ्या काही कामाची असली तर."

त्यात 'टाइमपास' नावाचं एक फोल्डर आहे आणि आत शेकड्यानं ब्राउझर गेम्स. नेट गेलं की पोरं उठून जायची, म्हणून काका आणि कॅफेत बसणारा पोरगा गेम्स उतरवून ठेवायचे. फाइलींची नावं त्या पोरानंच दिलेली दिसतात. 'गाडी', 'गाडी भारी', 'गाडी लई भारी', 'माकड फुगे', 'पेंग्विन हाणणे'.

अडचण अशी की माझ्याकडे विंडोज ११ आहे. डबल क्लिक केलं की फाइल कशानं उघडू म्हणून विचारतंय. क्रोममध्ये ओढून टाकली तर गेम चालू न होता फाइलच डाउनलोड होते. बहुतेक फाइली एसडब्ल्यूएफ (म्हणजे फ्लॅशच्या) आहेत, काही डीसीआर, थोड्या युनिटी३डी आणि काहींना एक्स्टेन्शनच नाही. शेजारी म्हणतात, यूट्यूबवर बघून जुना फ्लॅश प्लेअर टाक. टाकू का?

भडंगप्रेमी (सांगली)

माकड फुगे!!! अरे देवा. ते ब्लून्स. माकड सुया फेकतंय आणि फुगे फुटताहेत. आमची अख्खी अकरावी त्यात गेली. आणि स्टिक क्रिकेट आहे का बघ त्यात. नुसत्या बाणाच्या कळांवर सेंच्युरी. पाठीमागे नंबर लावून उभी असलेली पोरं "आता आउट हो की" म्हणून बोंबलायची.

मिरजेची तार (मिरज)

पेंग्विन हाणणे = यती स्पोर्ट्स. यती बॅट घेऊन उभा, वरून पेंग्विन उडी मारतो, टायमिंग जमलं तर लांब जातो. बस, एवढाच गेम. पण ऑफिसात दुपारी बाकी काम ठप्प.

वेलांटी (कराड)

जुना प्लेअर टाकू नका. सविस्तर लिहितो, कारण या विषयावर यूट्यूबवर बराच घातक सल्ला फिरतो.

अ‍ॅडोबीने जुलै २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की त्यांचा फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये गेम्स आणि चलचित्रं चालवणारा प्रोग्राम, २०२० अखेर बंद. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपला. पण नुसता सपोर्ट संपवून ते थांबले नाहीत. शेवटच्या आवृत्त्यांमध्ये त्यांनी तारीखच घालून ठेवली होती. १२ जानेवारी २०२१ पासून ब्राउझरमधला प्लेअर स्वतःच गेम चालवायला नकार देऊ लागला. त्याच महिन्यात क्रोम ८८ आणि फायरफॉक्स ८५ आले, त्यांतून फ्लॅश पूर्ण काढलेला होता. त्यामुळे 'अमुक सेटिंग बदला, फ्लॅश चालू होईल' असं सांगणारा व्हिडिओ आज दिसला तर तो एकतर त्याआधीचा आहे, नाहीतर सांगणाऱ्याला तुमच्या मशिनवर दुसरंच काहीतरी उतरवायचं आहे. 'फ्लॅश प्लेअर अपडेट करा' ही व्हायरसवाल्यांची वर्षानुवर्षांची आवडती थाप. चीनसाठी वेगळी निघालेली आवृत्ती फिरत असते, तिच्याबरोबर जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर येतं. तिच्याही वाट्याला जाऊ नका.

आता करायचं काय? रफल नावाचा प्रोग्राम घ्या. फुकट आणि मुक्त स्रोत. रस्ट भाषेत लिहिलेला फ्लॅशचा एम्युलेटर आहे, म्हणजे अ‍ॅडोबीचा एकही तुकडा न वापरता एसडब्ल्यूएफ वाचून तसंच वागणारं नवं यंत्र. ब्राउझरचं एक्स्टेन्शन मिळतं आणि विंडोजसाठी वेगळा प्रोग्रामही मिळतो. तुमच्या कामाला तो वेगळा प्रोग्राम बरा. उघडा, फाइल त्यात टाका, चालू.

सगळं चालेल का? नाही. फ्लॅशच्या आत गेम लिहायची भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या गेम्स रफलमध्ये बहुतेक झकास चालतात. तिसरी पिढी २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ बरोबर आली. तिच्यासाठी आतलं इंजिनच नवं बनवलं होतं आणि रफलवाल्यांना ते काम दुसऱ्यांदा, वेगळं करावं लागतंय. त्यामुळे २००५ च्या आसपासचा कॅफेतला माल चालायची शक्यता चांगली. २०१० नंतरचे मोठे गेम्स कुठं चालतात, कुठं अडतात.

एक्स्टेन्शन नसलेल्या फाइली बहुधा ब्राउझरच्या कॅशमधून (ब्राउझर फाइली तात्पुरत्या साठवतो ती जागा) उचललेल्या असतील. नोटपॅडमध्ये उघडा. पहिली तीन इंग्रजी अक्षरं एफडब्ल्यूएस, सीडब्ल्यूएस किंवा झेडडब्ल्यूएस असली तर ती फ्लॅशच. पहिली साधी, बाकी दोन दाबून लहान केलेल्या. शेवटी एसडब्ल्यूएफ एक्स्टेन्शन लावा आणि चालवा. बाकी सगळं पुढं गिचमिड दिसेल, ते सेव्ह करू नका, नाहीतर फाइल बिघडेल.

आणि सगळ्यात आधी त्या डिस्कची पूर्ण प्रत काढा. मूळ डिस्कवर काही चालवू नका. कॅफेची डिस्क म्हटल्यावर 'न्यू फोल्डर.एक्सई' असणारच त्यात.

भडंगप्रेमी (सांगली)

न्यू फोल्डर.एक्सई 😂 त्या काळात प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमध्ये हा पाहुणा. फोल्डरचं चित्र, आत व्हायरस.

रोखठोक (विटा)

एवढा खटाटोप कशासाठी ते कळलं नाही. फ्लॅश मेला ते बरंच झालं. दर महिन्याला त्यात भगदाडं सापडायची, लॅपटॉपचा पंखा घरघर करायचा. आयफोनवर तर तो कधी आलाच नाही आणि स्टीव्ह जॉब्सनी २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून का ते सांगितलंही होतं. आजच्या पोरांना मोबाइलवर याच्या दसपट गेम्स फुकट आहेत. माकडानं फुगे फोडलेले बघायला कोण येणार?

मिरजेची तार (मिरज)

रोखठोक, प्लेअर वाईट होता हे मान्य. पण त्यात बनवलेलं सगळं वाईट होतं असं कसं? मोबाइलवरच्या 'फुकट' गेममध्ये पाच मिनिटांत तीन जाहिराती आणि 'हिरे विकत घ्या' येतं. हे गेम्स एकट्या-दुकट्या पोरांनी घरी बसून केलेले. लाइन रायडर २००६ मध्ये स्लोव्हेनियातल्या एका विद्यार्थ्यानं केला. रेघ ओढायची, त्यावरून घसरगाडी सुटते. जिंकणं नाही, हरणं नाही. असला गेम आज कुठली कंपनी काढेल?

रोखठोक (विटा)

लाइन रायडर चांगला होता. तेवढं मागे घेतो.

ओट्यावरून (सातारा)

वाचतेय. मला एक सांगा, या रफलमध्ये फार्मव्हिल चालेल का? हसू नका. पोवई नाक्यावरच्या ऑफिसात आम्ही सगळ्या बायका लंच टाइमात फार्मव्हिल खेळायचो. वांगी काढायला उशीर झाला तर वाळून जायची म्हणून मी रात्री साडेअकराला नवऱ्याचा लॅपटॉप उघडून बसलेली आहे. माझं शेत परत बघायला मिळेल का?

वेलांटी (कराड)

ताई, शेत गेलं. वाईट वाटतं, पण खरं सांगतो.

फार्मव्हिल जून २००९ मध्ये आलं आणि फेसबुकवर ३१ डिसेंबर २०२० ला, फ्लॅशच्याच शेवटच्या दिवशी बंद झालं. तुमच्या स्क्रीनवर दिसायचा तो गेमचा नुसता दर्शनी भाग. कुणाची वांगी कधी लावली, किती नाणी जमली, शेजारणीनं गाय कधी पाठवली, हा सगळा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर. फाइल कुणी जपून ठेवली तरी तो हिशोब तिच्यात नाही. क्लब पेंग्विनचंही तेच, ते तर मार्च २०१७ मध्येच बंद झालं. असे गेम्स परत उभे करायचे तर सर्व्हरच नव्यानं लिहावा लागतो. काही ठिकाणी चाहत्यांनी तसं केलंय, पण तुमची स्वतःची वांगी त्यात नसणार.

ओट्यावरून (सातारा)

बरं. गाय तरी कुणाला तरी देऊन ठेवायला हवी होती.

कृष्णाकाठ (सांगली)

वेलांटी, लई उपकार. आधी डिस्कची प्रत काढली, अँटीव्हायरसनं भरपूर कचरा उचलला (न्यू फोल्डर.एक्सई होताच). रफल टाकला. 'गाडी', 'गाडी भारी', माकड, पेंग्विन, सगळे पळाले. आणि एक गोष्ट अपेक्षेपेक्षा भारी निघाली. नव्या मोठ्या स्क्रीनवर चित्रं फुटतच नाहीत. कॅफेच्या डबडा मॉनिटरवर दिसायची त्यापेक्षा रेघा स्वच्छ.

अडलेले तीन प्रकार असे. एक, काही गेम्समध्ये 'हा गेम फक्त आमच्या साइटवर खेळा' असं येऊन पुढं काहीच नाही. 'गाडी लई भारी' त्यातलाच. दोन, काही फाइली अगदीच लहान, थोड्या केबीच्या. त्या उघडल्या की लोडिंगची पट्टी येते ती येतेच. तीन, डीसीआर आणि युनिटी३डी रफल घेतच नाही.

वेलांटी (कराड)

पहिला प्रकार म्हणजे साइटलॉक. लोक गेम चोरून आपल्या साइटवर लावायचे, म्हणून बनवणारे गेमच्या आत पत्ता तपासायचे. चालू झाल्या झाल्या गेम बघतो, मी कुठल्या साइटवर आहे? तुमच्या डी ड्राइव्हवर आहे असं दिसलं की बंद. रफलमध्ये फाइल उघडताना 'अ‍ॅडव्हान्स्ड' पर्याय घेतला की गेमला खोटा पत्ता सांगायची सोय आहे. मूळ साइटचा पत्ता तिथं घातला की गेम फसतो.

आता तो पत्ता शोधायचा कसा? डिस्कवर विंडोज एक्सपीचं जुनं युजर फोल्डर शिल्लक आहे का बघा. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज', मग युजरचं नाव, मग 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' (हे लपवलेलं असतं), 'मॅक्रोमीडिया', 'फ्लॅश प्लेअर', आणि आत 'शेअर्ड ऑब्जेक्ट्स', ज्याच्या नावाआधी हॅशचं चिन्ह असतं. त्यात आठ अक्षरांचं अर्थ नसलेलं एक फोल्डर दिसेल. त्याच्या आत प्रत्येक साइटच्या नावाचं वेगळं फोल्डर आणि आत एसओएल फाइली. गेम जी प्रगती साठवायचा ती या फाइलींत. म्हणजे कोणत्या साइटवरून काय खेळलं गेलं याची यादी तिथं आपोआप तयार आहे. एसओएलचं नाव बऱ्याचदा गेमच्या नावावरूनच दिलेलं असतं. त्यातून पत्ता लागतो का बघा. 'लोकलहोस्ट' नावाच्या फोल्डरात सापडलं तर ते डिस्कवरूनच खेळलेलं, त्याचा उपयोग नाही.

दुसरा प्रकार, लहान फाइली. ते नुसतं टरफल. त्या फाइलीचं काम एवढंच, की साइटवरून खरा गेम, लेव्हल्स, आवाज असं एकेक मागवायचं. कॅफेतल्या पोरानं टरफल उचललं, दाणा साइटवरच राहिला. त्यासाठी आणि तिसऱ्या प्रकारासाठीही फ्लॅशपॉइंट बघा. २०१८ च्या सुमारास, फ्लॅश जाणार हे कळल्यावर काही लोकांनी जमवायला सुरुवात केलेला हा संग्रह. आज त्यात दोन लाखांवर गेम्स आणि अ‍ॅनिमेशन्स आहेत. नुसते फ्लॅशचे नाहीत, शॉकवेव्ह (तुमच्या डीसीआर त्याच), युनिटीचा जुना वेब प्लेअर, जावा अ‍ॅपलेट सगळं. त्यांची युक्ती अशी की तुमच्याच मशिनवर एक छोटा मध्यस्थ सर्व्हर चालतो. गेम जेव्हा मूळ साइटकडे लेव्हल मागतो तेव्हा हा मध्येच धरून साठवलेली फाइल देतो. गेमला वाटतं साइट अजून जिवंत आहे. पूर्ण संग्रह टेराबाइटमध्ये जातो, तो घेऊ नका. 'इन्फिनिटी' आवृत्ती घ्या, जो गेम खेळाल तेवढाच उतरतो.

नुसतं चटकन खेळायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हवरही नोव्हेंबर २०२० पासून फ्लॅशचा संग्रह आहे. तिथं रफलच वापरतात, काही उतरवावं लागत नाही.

एक इशारा. ब्राउझरमध्ये रफलनं खेळलात तर प्रगती ब्राउझरच्या साठ्यात राहते. कुणी 'हिस्टरी क्लिअर' करताना साइट डेटाही पुसला की ती गेली. गेमवर राइट क्लिक केलं की सेव्ह मॅनेजर येतो, तिथून एसओएल फाइल उतरवून ठेवा.

मिरजेची तार (मिरज)

जावा अ‍ॅपलेटचं निघालंच आहे म्हणून. माझा एक बुद्धिबळाचा अ‍ॅपलेट होता, तो चीअरपीजे नावाच्या गोष्टीवर ब्राउझरमध्ये चालला. हरवतो मला अजूनही.

खडूफळा (तासगाव)

धागा पहिल्यापासून वाचला. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. माझ्याकडे गेम्स नाहीत, पण त्याच जातीचं काहीतरी आहे.

साधारण २००५ नंतर आमच्याकडे ई-लर्निंगची लाट आली होती. शाळेला एक कॉम्प्युटर, एक प्रोजेक्टर आणि मराठी सीडी. पाढ्यांचा खेळ, जोडाक्षरं ओढून जागेवर ठेवायची, महाराष्ट्राच्या नकाशावर जिल्हे बसवायचे. काही विकत घेतलेल्या, काही आम्हा शिक्षकांपैकी हौशी लोकांनी स्वतः फ्लॅश शिकून सुट्टीत केलेल्या. एकानं केलेली सीडी हातोहात तालुकाभर जायची. आमच्या तालुक्यात एका गुरुजींनी द्राक्षबागेवर गणिताचा खेळ केला होता. घड तोडायचे, पेटीत भरायचे, पेटीला चार किलो. पोरं घंटा झाली तरी उठायची नाहीत.

माझ्या कपाटात असल्या सीडींचा गठ्ठा आहे. काही नव्या मशिनवर लागतच नाहीत, सेटअप फाइलच चालत नाही. काही लागतात, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. यांचं काही होईल का? दोन लाखांत ही सापडतील असं वाटत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

गुरुजी, माझ्या 'गाडी लई भारी'पेक्षा हे किती तरी महत्त्वाचं आहे. ब्लून्स जपायला जगभर माणसं आहेत. द्राक्षाच्या पेटीचा खेळ तासगावच्या कपाटाबाहेर कुठंच नसणार.

वेलांटी (कराड)

अगदी. गुरुजी, सीडी आधी चालवायचा प्रयत्नच करू नका, आधी प्रती काढा. प्रत्येक सीडीची आयएसओ फाइल करा, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत. घरी लिहिलेल्या सीडींचा थर वर्षांनुवर्षं पडून राहून खराब होतो आणि आज वाचली जाणारी पुढच्या वर्षी वाचली जाईलच असं नाही.

सेटअप चालत नाही त्याचं कारण बहुधा हे, की तो १६ बिटचा आहे. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. पण सेटअपची गरज पडतेच असं नाही. सीडी उघडून आतली फोल्डरं चाळा, एसडब्ल्यूएफ उघड्यावर ठेवलेल्या असतील तर थेट रफलमध्ये टाका. काही वेळा गेम एक्सई असतो आणि त्या एक्सईच्या पोटात फ्लॅशचा प्लेअर भरलेला असतो. त्याला 'प्रोजेक्टर' म्हणतात. त्यात अ‍ॅडोबीची ती १२ जानेवारीची अट नाही, त्यामुळे असे बरेच एक्सई विंडोज ११ वर सरळ चालतात. कशानंच जमलं नाही तर व्हर्च्युअल बॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) एक्सपी टाकायचा, नेटची जोडणी बंद करून.

अक्षरांच्या चिवड्याचं वेगळं. त्या काळात युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) फारसं कुणी वापरत नव्हतं. श्रीलिपीसारखे फाँट होते, ज्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचा तुकडा बसवलेला. बनवणाऱ्यानं फाँट फाइलीत पक्का बसवला असेल तर आजही मराठी दिसतं. बसवला नसेल तर फ्लॅश तुमच्या मशिनवर तो फाँट शोधतो, सापडत नाही आणि मागचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणून सीडीत फाँटचं फोल्डर आहे का बघा. टीटीएफ फाइल सापडली की तीही जपा, तिच्याशिवाय तो खेळ मुका आहे. फाँट टाकून मग प्रोजेक्टरवर चालवून बघा.

कोर्टाची पायरी (सातारा)

रंगाचा बेरंग करतो, पण कुणी तरी सांगायला हवं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए). तुमच्याकडे कायदेशीररीत्या असलेल्या प्रोग्रामची, हरवू-बिघडू नये म्हणून बॅकअप प्रत काढायला हरकत नाही. म्हणजे आयएसओ करा, निर्धास्त. पण ती नेटवर सगळ्यांसाठी चढवणं ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, तेव्हा फ्लॅशच्या काळातलं काहीच अजून मोकळं झालेलं नाही. शिक्षकांनी स्वतः केलेल्यांचं सोपं आहे. त्यांना विचारा, दोन ओळी लिहून घ्या. विकत घेतलेल्यांच्या प्रती तूर्त घरातच ठेवा.

खडूफळा (तासगाव)

द्राक्षवाल्या गुरुजींना आत्ताच फोन केला. ते हसायलाच लागले. म्हणाले, "कुठं पाहिजे तिथं टाका, फक्त तिसऱ्या पातळीवर बेरीज चुकते तेवढं कुणी दुरुस्त केलं तर बरं." मूळ एफएलए फाइलही त्यांच्याकडे असेल म्हणतात.

वेलांटी (कराड)

एफएलए असली तर सोनंच. एसडब्ल्यूएफ हा तयार माल, एफएलए म्हणजे ज्यातून तो बनवला तो मूळ आराखडा. बेरीजही दुरुस्त होईल. पेनड्राइव्हवर नुसती ती मागून घ्या, उघडायच्या नादात त्यांच्या मशिनवर काही करू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

गुरुजी, रविवारी तुमच्याकडे येतो, गठ्ठा तिथंच बसून उतरवू. एकच अडचण, माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. आजकाल कुणाच्या असतो?

मिरजेची तार (मिरज)

माझ्याकडे यूएसबीचा आहे, चालू आहे. शनिवारी संध्याकाळी मिरज स्टेशनला येऊन घेऊन जा. अटकणाऱ्या सीडी मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका.

भडंगप्रेमी (सांगली)

मी पण येतो रविवारी. भडंग माझ्याकडून. आणि कृष्णाकाठ, त्या डिस्कवर स्टिक क्रिकेट आहे का नाही ते अजून सांगितलं नाहीस!

कृष्णाकाठ (सांगली)

आहे की. 'क्रिकेट काडी' नावानं.